प्रोसेसरने मोजलेलं मी लपवलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की यंत्राबद्दलच बोलत राहतो — माणसापर्यंत पोहोचतच नाही. आज तुम्हाला सांगतो. पण सुरुवात यंत्रापासूनच करावी लागेल.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. जालन्यात बियाण्याच्या एका कारखान्यात मी प्रोग्रॅम लिहायला होतो. कपाशीचं बी नळीतून पडायचं, कॅमेरा त्याचा फोटो घ्यायचा, आणि ते खाली पोहोचायच्या आत कंप्युटरने ठरवायचं — चांगलं की खराब. खराब असेल तर हवेचा झोत त्याला बाजूला उडवायचा. आमचा कंप्युटर उशीर करायचा. झोत येईपर्यंत समोर दुसरंच बी असायचं. पेरणी तोंडावर आलेली, आणि पिशव्यांत खराब बी चाललेलं.

प्रोग्रॅमचे दोन भाग होते. फोटो साफ करायचा भाग माझा. बी कसं आहे ते ठरवायचा रझियाचा. रझिया अंबडच्या एका टेलरची मुलगी, रोज एसटीने यायची. माझ्याहून हुशार होती — हे एवढं लिहायलाही मला किती वर्षं लागली?

साहेबांनी विचारलं, उशीर कुठं होतोय? मी न मोजताच म्हणालो, रझियाच्या भागात. का म्हणालो? तिच्या भागात ‘असं असेल तर तसं कर’ अशा अटी फार होत्या, म्हणून तसं वाटलं — की तसंच निघावं असं मला वाटत होतं? आजही नीट सांगता येत नाही. साहेब म्हणाले, मोजून दाखव.

प्रोसेसरच्या आतच मोजणारे काउंटर असतात. हवी ती माहिती जवळ नाही म्हणून तो किती वेळा लांबच्या मेमरीकडे गेला, किती वेळ नुसता थांबून राहिला — सगळं मोजतात. आठवडाभर खटपट करून मी ते चालू केले. रझियाच्या भागात प्रोसेसर थांबतच नव्हता. माझ्या भागात तो थांबूनच होता. मेमरीत फोटो आडव्या ओळींनी ठेवलेला, आणि मी तो वरून खाली, उभा वाचत होतो — प्रत्येक ठिपक्याला लांबच्या मेमरीकडे एक नवी खेप. माझ्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली की काम होत होतं. मी तीनदा चालवून पाहिलं. तीनही वेळा तेच.

मग साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि — रझियासमोर — सांगितलं की उशीर हिच्या भागात आहे.

ती भांडेल असं वाटलं होतं. आकड्यांचा कागद मागेल. माझ्या खिशातच होता तो. मागितला असता तर? तिने मागितला नाही.

“सतीशभाऊ, तुम्ही सोता मोजलं ना?” ती म्हणाली. “मंग बराबर असंल.”

तिला पिशव्यांची लेबलं छापायच्या कामावर बसवलं. मी गुपचूप माझ्या दोन ओळी बदलल्या, दाखवायला तिचा भाग नव्याने लिहिला. यंत्र चाललं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, तेव्हा तीही तिथंच उभी होती. दोन महिन्यांनी ती यायची बंद झाली. का, असं साहेबांनी मला विचारलं. रोजचा प्रवास झेपत नसंल, म्हणालो.

काही वर्षांनी शेताच्या खटल्याच्या तारखेला अंबडच्या कोर्टात गेल्तो. परत येताना स्टँडवर ती भेटली. एका क्लासात टायपिंग शिकवते म्हणाली. प्रोग्रॅम लिहिणं तेव्हाच सुटलं. घरच्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाली, “माझा तो भाग मी वहीत उतरवून घेतल्ता. अजून शोधून राह्यले, कुठं अटकत होतं ते. सापडत न्हाई. तुम्हाला याद आहे का?”

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. शब्द आले ते हे —

“न्हाई. आता ध्यानात न्हाई.”

“असू द्या,” ती म्हणाली.

जालन्याची गाडी लागली. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. तिच्या वहीत ती चूक सापडणार कशी? ती तिथं नव्हतीच. हे मला ठाऊक होतं — आणि जालना येईपर्यंत मी परत फिरायला मधल्या एकाही थांब्यावर उतरलो नाही.