चोंडम्माचा सैल घोटा

कायपंडीरा घराण्यात चोंडम्मापेक्षा तिचा उजवा घोटाच जास्त प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात कोडगूमध्ये, म्हणजे कूर्गात, घराण्याघराण्यांचे हॉकीचे सामने सुरू झाले की तो पहिल्याच सामन्यात मुरगळायचा, टम्म फुगायचा, आणि चोंडम्मा बर्फाच्या बादलीत पाय घालून मांडवातून पंचांना शिव्या हासडायची. सूज उतरली की पाय बरा झाला, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तिची सूज उतरे, ती पुन्हा पळे आणि पुन्हा बादली येई.

लग्न झालेल्या बाईला इथे सासर किंवा माहेर, कुणाकडूनही खेळता येतं. पण चोंडम्माचा नवरा मुद्दय्या पडला निवृत्त सुभेदार. तो तिला न विचारताच आपल्या टीममध्ये धरायचा. या वर्षी मात्र तिच्या माहेरच्या बोळ्ळेरंडा घराण्याला अकरावा खेळाडू मिळेना. अर्धी पोरं बंगळूरला, उरलेली परदेशात. चोंडम्माने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "मी माहेरकडून खेळणार."

मुद्दय्याने डुकराच्या मटणातलं हाड चोखून बाजूला ठेवलं. "त्या पायावर? खेळ की. आमचं काम सोपं होईल."

हे तिला झोंबलं. लग्नानंतर बोळ्ळेरंडा हे नाव तिच्या नावापासून असं गळून पडलं होतं, की तिला स्वतःलाच कधीकधी आठवावं लागे. त्या नावाने एक सामना खेळायचा, शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. जिंकणंबिंकणं पोरांनी पाहावं.

तिच्या भाच्याची बायको पूवम्मा हाडा-सांध्यांचे व्यायाम शिकवायची. तिने घोटा हातात धरून आत वळवला. तो बराच वळला.

"दुखतंय, आत्या?"

"अजिबात नाही."

"तेच वाईट आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडाला हाड बांधणारा पट्टा रुंद असतो, दणकट असतो. बाहेरच्या बाजूला मात्र तीन बारीक बंध. पाय आत मुडपला की त्यातला पुढचा आधी ताणला जातो. तुमचा इतक्या वेळा ताणलाय की तो लांबलेलाच भरून आलाय, जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा."

"मग शिवून टाक."

"आधी बाहेरच्या बाजूचे स्नायू घट्ट करू. आणि पाय कसा पडलाय ते मेंदूला कळवणारे खबरे त्या बंधांतच असतात. तुमचे झोपलेत. रोज एका पायावर उभ्या राहा. जमलं की डोळे मिटून."

झालं. चोंडम्मा तांदळाच्या रव्याचे गोळे, कडंबुट्टू, वळायची ती एका पायावर. कॉफी वाळवायच्या अंगणात एका पायावर. शेजारी मयताला गेली, तिथेही लुगड्याच्या घोळाआड तिने पाय उचललाच. लोकांना वाटलं, दुःखाने डुलतेय. "बगळ्याशी संसार करतोय मी," मुद्दय्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. सुरुवातीला ती भिंतीवर, भाताच्या पोत्यावर, एकदा तर थेट मुद्दय्यावर कोसळली. पण घोटा हळूहळू शहाणा होत गेला, आणि ती मात्र वेडी झाल्यासारखी दिवसभर खिदळत राहिली.

सामन्यांची सोडत निघाली आणि बोळ्ळेरंडांची गाठ नेमकी सासरच्या कायपंडीरांशी पडली. त्या दिवशी नवराबायको एकाच जीपमधून मैदानावर गेली आणि वाटेत एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत, कारण दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

चोंडम्मा बचावाला उभी होती. बरोबरी होती, वेळ संपत आली होती, आणि समोरून चेंडू घेऊन साक्षात मुद्दय्या आला. तिने आडवी झेप टाकली. उजवा पाय एका खळग्यात पडला, आत मुडपला, आणि सगळा मांडव एकदम उठून उभा राहिला. पण बाहेरचे स्नायू वेळेवर जागे झाले. पाय मधूनच सावरला, ती पडली नाही, आणि चेंडू बाहेर गेला.

पंचांनी खेळ थांबवला. पूवम्मा धावत आली. तिने घोट्याची हाडं बोटांनी दाबून पाहिली. "दुखलं तर बाहेर यायचं. आता त्याच पायावर उभ्या राहा. डोळे मिटून."

भर मैदानात, दोन्ही घराण्यांसमोर, चोंडम्माने डावा पाय उचलला आणि डोळे मिटले. उजवा घोटा जरासा थरथरला आणि स्थिर झाला. लाउडस्पीकरवाला, जो मेल्यावरच गप्प बसेल असं सगळे म्हणायचे, तोही गप्प झाला. तिला भीती वाटत होती, पायाची नाही, बाहेर काढतील याची.

मग समोरूनच आवाज आला, सुभेदाराचा, परेडवरचा.

"डोळे उघड आता, बोळ्ळेरंडा चोंडम्मा. सामना संपायचाय अजून."

लग्नानंतर तिला त्या नावाने त्याने कधीच हाक मारली नव्हती. तिने डोळे उघडले. तो हॉकी स्टिकवर रेलून उभा होता आणि त्याचा चेहरा घामाने की कशाने ओला झाला होता. चोंडम्माला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. खेळ सुरू झाला तरी ती पोट धरून हसत होती, आणि मुद्दय्याने मारलेला चेंडू तिच्या दोन्ही पायांमधून सरळ गोलात गेला.

भाचे कपाळाला हात लावून बसले. चोंडम्मा शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानातच होती, आणि शिट्टी झाल्यावरही ती बाहेर यायला तयार नव्हती.