सिरिलच्या मैदानाखालचं गाव

माझा धाकटा भाऊ सिरिल हॅवर्बीच्या हवेलीत माळी होता. हवेलीची फुलझाडं त्याने पोटासाठी सांभाळली. जीव सगळा तिच्या उद्यानातल्या क्रिकेटच्या मैदानात. लग्न केलं नाही, करणार कधी? मैदानाच्या एका कडेला लांबट खोलगट पट्टा होता. हिवाळाभर तो त्यात माती भरायचा आणि वसंतात ती पुन्हा खचायची.

"जमीन हट्टी आहे गं," तो म्हणायचा.

"तुझ्यावर गेलीय," मी म्हणायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाऊस असा पडलाच नाही. ओढा आटला, बागेत नळीने पाणी घालायला बंदी आली, गवत बिस्किटाच्या रंगाचं झालं. आणि एका संध्याकाळी, उन्हं कलल्यावर, मैदानावर एक गाव उमटलं. गाडलेल्या भिंतींवरचं गवत करपून पांढुरकं पडलं होतं. लहान लहान घरं, दारांसाठी सोडलेल्या जागा. आणि सिरिल जिथे जन्मभर माती ओतत आला होता तिथून गेलेला गावाचा रस्ता, खोलात ओल धरून अजून हिरवा. आम्ही दोघं काठावर उभे होतो. मला वाटलं, मोठ्याने बोललो तर ते जाईल.

ते गाव आम्हाला ऐकून माहीत होतं. हवेलीच्या खिडकीतून नुसतं गवत दिसावं म्हणून बाईसाहेबांच्या पूर्वजांनी ते उठवलं, आणि आमच्या पूर्वजांना फाटकाबाहेरच्या घरांच्या रांगेत आणून बसवलं. आम्ही अजून तिथेच राहतो.

बाईसाहेब, म्हणजे हवेलीच्या मालकीण मिस ऑगस्टा, काठी टेकत बघायला आल्या आणि हरखूनच गेल्या. "सिरिल, महिनाअखेरीला विमानातून फोटो काढून घेऊ. पुढच्या वर्षी इथे खोदायचं!"

"आणि मॅच, बाईसाहेब?"

"मॅच काय, कुठेही खेळता येते."

सिरिलने टोपी काढून मान डोलावली. मला मात्र इतका राग आला, की घरी चहा ओतताना अर्धा बशीत गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या घरातलं अंघोळीचं, भांड्यांचं पाणी झारीने नेऊन भिंतींवर ओतू लागला. गवत पुन्हा हिरवं झालं की गाव पुसलं जाईल, विमानाला काही दिसणार नाही. मीही खुशाल बादल्या भरून दिल्या. रस्त्याच्या टोकाचं पहिलं घर हळूहळू गवतात विरलं.

मग एका संध्याकाळी मी बादली घेऊन गेले, तर हा झारी सांभाळत दुसऱ्या घराला वळसा घालून रस्त्यावर आला, दाराच्या जागेतून किंचित वाकून आत शिरला.

"अरे, एवढा फेरा कशाला? सरळ जा की!"

"भिंत आहे ना तिथे."

"गवत आहे, येड्या."

"आयव्ही, लोकांच्या घरात भिंतीतून कसं शिरायचं?"

बोलून तो स्वतःच दचकला. मीही मग दारातूनच आत गेले. ऊन मऊ झालं होतं. त्या चार पांढऱ्या रेघांमध्ये आम्ही पाहुण्यांसारखे उभे राहिलो. मला चुलीचा वास आला म्हटलं तर कुणी हसेल, पण आला.

सिरिलने झारी बाहेर नेऊन रस्त्यावर रिकामी केली.

"मैदान जाईल रे," मी म्हटलं.

"जाऊ दे. एकदा पुसलीत ही माणसं. परत मी कशाला पुसू?" त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले.

फोटो निघाला. क्रिकेट मेंढ्यांच्या कुरणात गेलं, तिथे चेंडू कसाही उसळतो. सगळ्या गावाला फोटो दाखवायला बोलावलं तेव्हा बाईसाहेब रस्त्याच्या टोकाच्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे मात्र काही नव्हतं."

सिरिल पुढे झाला. टोपी त्याच्या हातात होती.

"होतं, बाईसाहेब. घर होतं. मी पुसलं."

बाईसाहेब खाली बघत राहिल्या. हॅवर्बीत गाव पुसल्याचं कुणी कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.