रविवारच्या नेटवरचा मुका सिग्नल

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो ते खरं सांगायचं तर हसण्यासाठी. लातूरच्या एका तंत्रनिकेतनात मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. कुणी अंगात आल्याच्या गोष्टी काढल्या की मी चप्पल घालून बाहेर निघून जायचो. आज वय शहात्तर आहे आणि मीच लिहायला बसलोय... दोन कारणांसाठी. एक म्हणजे जे घडलं त्याचा उलगडा मला होत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं — एका गेलेल्या माणसावर माझ्यामुळे खोटा ठपका बसलाय. तो मला जिवंतपणी पुसायचाय.

आमचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब तसा छोटा. लातूर, रेणापूर, उदगीर, जळकोट मिळून पंधरा-सोळा माणसं, आणि नांदेड-धर्माबादकडची सात-आठ. सरकारी परीक्षा देऊन लायसन घ्यायचं, घरावर अँटेना उभारायचा आणि वायरलेसवर एकमेकांशी बोलायचं, एवढाच छंद. महिन्याला एक मीटिंग. चहा, चिवडा, आणि कुणीतरी पिशवीतून आणलेला जळका सेट. दर रविवारी सकाळी साडेसातला 'नेट', म्हणजे सगळ्यांनी एका फ्रिक्वेन्सीवर हजेरी लावायची. दोघे एकदम बोलले तर कुणाचंच धड ऐकू येत नाही, म्हणून एकजण सूत्रं सांभाळतो. त्याला नेट कंट्रोल म्हणतात. बारा वर्षं तो मी होतो.

नेट कंट्रोलचा शब्द म्हणजे शब्द. मी 'स्टँडबाय' म्हटलं की समोरच्यानं माइकचं बटण सोडायचं, आणि मी पुन्हा नाव घेईपर्यंत दाबायचं नाही. स्टँडबायवर ठेवलेल्याचं नाव मी लॉगबुकच्या समासात पेन्सिलीनं लिहायचो. त्याला बोलावून ऐकून घेतलं की मग शाईनं आत. नेट बंद करण्याआधी समासावर नजर टाकायची, पेन्सिलीतलं कुणी राहिलं का. ही पद्धत मीच पाडली होती आणि नव्यांना मीच शिकवायचो.

शिवलिंग अप्पा जळकोटचे. बी-बियाणांचं दुकान, कपाळावर विभूती, आवाज असा की माइक नसता तरी लातूरला पोचला असता. "शरणार्थ मंडळी!" म्हणून सुरुवात करायचे आणि मग पाऊस, तुरीवरची अळी, बायकोचा गुडघा... त्यांना मधेच बोलायची खोड होती. एकदा सरावाच्या वेळी त्यांनी तीनदा मधे तोंड घातलं. पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अप्पा, शिस्त जमत नसेल तर सेट विकून टाका."

चहाचे कप तिथंच थांबले. नांदेडचे युसूफभाई — रेडिओ दुरुस्तीवाले, माणूस मोठा मिश्कील — त्यांनी सावरायला बघितलं. "जाने दो सर. अप्पा वायरलेसला आठवडी बाजार समजून राहिलेत."

अप्पा हसले नाहीत. दोन्ही कान पकडले. "चुकलं सर. आता तुमी स्टँडबाय म्हणलं की परत नाव घेईस्तोवर तोंड उघडणार न्हाई. बसवण्णाची आन."

त्यानंतर महिन्याभरात तो पाऊस झाला. चार वर्षं झाली त्याला. दोन दिवस वीज नाही, मोबाइलचे टॉवर मुके, आणि आमच्या क्लबला जिल्हा प्रशासनानं निरोप पोचवायच्या कामाला बसवलेलं. माझ्या टेबलावर दोन सेट होते. मोठा नांदेडकडच्यांसाठी, छोटा जिल्ह्यातल्यांसाठी. बॅटऱ्या उतरत आल्या होत्या, म्हणून आदल्या संध्याकाळीच अप्पांना सांगून ठेवलं होतं की तुमची ट्रॅक्टरची मोठी बॅटरी घेऊन या.

सकाळी साडेदहाच्या सुमारास छोट्या सेटवर त्यांचा आवाज आला. गाडीतल्या सेटवरून बोलत होते.

"सर, अप्पा बोलतोय. मेन रोडला बाभळ आडवी झालीय, म्हणून चाकूरपासून शेतरस्ता धरला. म्होरं वढ्यावर फरशी हाय, तिच्यापाशी उभा हाय. पानी हाय, पण लई न्हाई. येऊ का थांबू?"

फरशी म्हणजे ओढ्यातला बुटका पूल, पाणी चढलं की दिसेनासा होणारा. नेमकं त्याच क्षणी मोठ्या सेटवर युसूफभाई निरोप देत होते — वरच्या अंगाचा पाझर तलाव फुटायच्या बेतात आहे, ओढ्याकाठच्या वस्त्या तातडीनं हलवा. मी छोट्या सेटचं बटण दाबलं आणि म्हणालो, "अप्पा, स्टँडबाय."

"हाव सर."

समासात पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलं आणि युसूफभाईंचा निरोप शाईनं उतरवू लागलो. वस्त्यांची नावं, पुन्हा विचारणं, लँडलाइनवरून नियंत्रण कक्षाला सांगणं, तिथं कुणी फोन न उचलणं... ज्या ओढ्याचं नाव मी लिहीत होतो त्याच ओढ्याकाठी अप्पा उभे होते. ते माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आलं होतं. वाटलं, एवढं उरकतो आणि मग सांगतो. आणि मनाच्या एका कोपऱ्यात हेही वाटलं, की बसू दे जरा गप, शिस्त शिकतील.

चाळीस मिनिटांनी नाव घेतलं. वरचा तलाव तोवर फुटला होता. उत्तर आलं नाही.

दोन दिवसांनी त्यांची गाडी तीन-चार किलोमीटर खाली, मेन रोडच्या पुलाला अडकलेली सापडली. अप्पा आणखी पुढं. लोकांनी सरळ हिशेब लावला, की मेन रोडच्या पुलावर पाणी असताना अप्पांनी हट्टानं गाडी घातली. कुणाला न कळवता. त्यांचं बोलणं फक्त माझ्या उंच अँटेनाला ऐकू आलं होतं. मी खोडरबर घेतलं आणि समासातलं नाव पुसलं. शोकसभेत उभं राहून सांगितलं, "त्या दिवशी अप्पांचा माझ्याशी काहीच संपर्क झाला नाही."

इथंच थांबलो असतो तरी बरं होतं. लायसनच्या परीक्षेसाठी मी वर्ग घ्यायचो, तिथं अप्पांचं उदाहरण द्यायला लागलो. स्टेशननं, म्हणजे सेटवरच्या माणसानं, आपली जागा न कळवता पुढं जाऊ नये, गेल्यास काय होतं ते पाहा. दोन वर्षांनी त्याच वर्गात अप्पांची मुलगी संगीता येऊन बसली. उदगीरला शिक्षिका आहे. म्हणाली, "सर, बाबांची चूक मला नीट समजून घ्यायचीय." तिच्यासमोरही मी तेच उदाहरण दिलं. ती वहीत उतरवून घेत होती. तिचं लिहून होईपर्यंत मी थांबलो आणि मग पुढचा मुद्दा घेतला.

संगीता पास झाली, तिला लायसन मिळालं. ती पहिल्यांदा नेटवर आली त्याच रविवारी ते सुरू झालं.

कुणी बोलत नसलं की आमच्या सेटमधून सारखी खरखर येत असते. कुणी माइकचं बटण दाबलं आणि बोललं नाही, तर ती खरखर थांबते. फक्त शांतता येते... पण ती रिकामी नसते. पलीकडं कुणीतरी आहे हे कळतं. हजेरी संपवून मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणी राहिलंय?" आणि खरखर थांबली.

"कोण स्टेशन? नाव सांगा." काही नाही. मी नेट बंद करेपर्यंत ते तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. कुणी म्हणालं बटण अडकलं असेल, कुणी म्हणालं टवाळ पोरं असतील. मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. पण एक गोष्ट जुळत नव्हती. अडकलेलं बटण कुणासाठी थांबत नाही. इथं कुणी बोलायला लागलं की तो सिग्नल बाजूला व्हायचा, बोलणं संपलं की परत यायचा. शिस्तीत. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तीन रविवार दुसऱ्यानं नेट चालवलं, तेव्हा तो एकदाही आला नाही.

शेवटी युसूफभाई म्हणाले, "सर, शिकार करू." आमच्याकडं हा खेळच आहे. हातातला अँटेना फिरवत लपवलेला सिग्नल कोणत्या दिशेला आहे ते शोधायचं. तीन ठिकाणांहून तीन दिशा घेतल्या आणि नकाशावर रेघा मारल्या, की त्या मिळतात तिथं सिग्नल. ठरलं. मी लातूरला माझ्या गच्चीवर, संगीता रेणापूरला, आणि युसूफभाई नांदेडहून जळकोटला.

रविवारी तो आला. दोघांनी आपापले अंश सांगितले, मी फूटपट्टीनं रेघा ओढल्या. तिन्ही रेघा त्या फरशीवर मिळाल्या. अप्पा तिथं उभे होते हे जगात फक्त मला माहीत होतं.

"सर, कुठं आलं?" युसूफभाईंनी विचारलं.

"काही नाही. शेत आहे. रिफ्लेक्शन असेल."

थोड्या वेळानं संगीताचा आवाज आला. "सर, नकाशा मीपण आणलाय. इथं ओढा आहे. बाबांची गाडी याच ओढ्याला खाली सापडली होती... पण ते मेन रोडनं आले होते ना?"

मी सेट बंद केला.

दुपारी ती थेट घरी आली. हातात नकाशा. मला आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. लॉगबुक काढलं, ते पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. शिसं पुसलं तरी कागदावर दाब राहतो. तिनं बोटानं एकेक अक्षर चाचपलं. मी सगळं सांगितलं, शिस्त शिकवायची होती तेही.

पानावरचं बोट न काढता तिनं विचारलं, "घाबरले होते का बाबा?"

"नाही गं. नेहमीसारखेच बोलत होते."

"आणि तुम्ही वर्गात मला..." तिनं नकाशाची घडी घातली. उठता उठता म्हणाली, "येत्या रविवारी तिथं चला. त्यांना जे सांगायचं राहिलं ते सांगा."

"संगीता, असं काही नसतं."

"नसंल तर नसंल. सांगायला काय जातंय तुमचं?"

गेलो. सकाळचे साडेसात, स्वच्छ ऊन, ओढ्यात घोट्याएवढं पाणी, पलीकडं दोन म्हशी. युसूफभाई अँटेना घेऊन उभे होते. संगीतानं त्यांना सगळं सांगितलं होतं. सलाम केला, पण 'सर' म्हणाले नाहीत. मी हातातल्या सेटवरून हजेरी घेतली. शेवटी विचारलं, "कुणी राहिलंय?"

खरखर थांबली. युसूफभाईंच्या मीटरचा काटा टोकाला जाऊन चिकटला. म्हणजे सिग्नल दहा-वीस पावलांच्या आत होता. तिथं गवत होतं आणि दगड.

संगीता माझ्याकडं बघत होती. मी बटण दाबलं.

"शिवलिंग अप्पा, नेट कंट्रोल बोलतोय. चूक माझी झाली. वरचा तलाव फुटतोय. फरशीवर येऊ नका आणि तिथं थांबूही नका. गाडी मागं घ्या, घरी जा."

बटण सोडलं. पुन्हा तीच शांतता. म्हैस शेपटी हलवत होती.

मग युसूफभाई हळूच म्हणाले, "काटा उतरून राहिला." त्यांनी अँटेना डावीकडं फिरवला. "इधर नहीं... मागं. रस्त्यानं मागं." काटा पुन्हा चढला आणि पुन्हा उतरायला लागला, तसे ते थोडे थोडे वळत गेले. सिग्नल सरकत होता. शेतरस्त्यानं, चाकूरच्या अंगानं, जळकोटच्या दिशेला. गाडी जशी जाईल तसा. संगीता आधी चालली, मग पदर खोचून पळायला लागली. वळणावर बांधाशी ती थांबली तेव्हा माझ्या हातातल्या सेटमधून खरखर सुरू झाली.

"गया," युसूफभाई म्हणाले आणि डोळे पुसले.

त्यानंतर तो सिग्नल आलेला नाही. हवेतले थर, परावर्तन, कुणाची तरी चालती गाडी — मी सगळं तपासून पाहिलं, काहीच बसत नाही. कुणाला बसवता आलं तर जरूर कळवा. लॉगबुकात अप्पांचं नाव आता शाईनं आहे, क्लबला लेखी कबुली दिलीय, आणि वर्गात संगीता आता खरं काय झालं ते शिकवते. माझ्याशी नेटपुरतं बोलते. तेही पुष्कळ झालं.

लोक म्हणतात, सर, तुमच्या मनावरचा भार उतरला असेल. तसं नाही. इतके दिवस मला एक पळवाट होती, की मी सांगितलं असतं तरी अप्पा हट्टी माणूस, कदाचित वळले नसते. त्या रविवारी फरशीपाशी बटण सोडल्यावर सवयीनं मी घड्याळ पाहिलं होतं. त्यांना वळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.