तिसऱ्या दिवसाचा नमुना

एमडीच्या प्रबंधासाठी मी अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या रक्तातली मॅग्नेशियमची कमतरता हा विषय घेतला होता. परभणीत असे रुग्ण मुबलक होते. मुबलक हा शब्द मी तेव्हा आनंदाने वापरत असे.

दाखल होताना एक नमुना घ्यायचा, तिसऱ्या दिवशी दुसरा. मधल्या काळात कुणाला मॅग्नेशियम दिले गेले, तर तो रुग्ण अभ्यासातून बाद. तपासणीचे किट एकदा उघडले की फार टिकत नसे, म्हणून पुरेसे नमुने साठेपर्यंत प्रयोगशाळा ते उघडत नसे.

पालमकडची एक ऊसतोड कामगार जुलाबांनी अर्धमेली होऊन आली. माझी अडतिसावी रुग्ण. पोटॅशियमच्या सलाइन चालू होत्या, तरी पोटॅशियम वर येत नव्हते; बोटे आपोआप आखडत होती. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम शरीरात टिकत नाही, यावर मी परीक्षेत दोन पाने लिहिली होती. अहवालाची वाट न पाहता मॅग्नेशियम देता आले असते. मी वरिष्ठांना तसे सुचवले नाही. अजून दुसराच दिवस होता.

बाहेर तिच्या नवऱ्याने विचारले, "म्याडम, काल रगत नेलं व्हतं. काय निघालं?"

"सगळ्यांचे नमुने जमले की एकदम तपासतात."

"म्हंजे आमच्या काळीपिवळीवानीच. सीट भरल्याबिगर गाडी हालत न्हाई."

मी हसले. तोही हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नमुना काढला. दुपारी तिच्या हृदयाची लय बिघडली. तेव्हा मॅग्नेशियम दिले. आता नियम आडवा येत नव्हता. छाती दाबून माझी मनगटे भरून आली. ती गेली.

आठवड्याने अहवाल आले. तिचे दोन्ही आकडे साऱ्या तक्त्यात सर्वांत कमी. मार्गदर्शक सर म्हणाले, "उत्तम केस. हिच्यामुळे मृतांचा गट उठून दिसेल." मला बरे वाटले, हे इथे लिहिणे भाग आहे.

त्याच दिवशी नवरा मृत्यूच्या दाखल्यासाठी आला. "त्या रगताचं आलं का, म्याडम?"

"आलं. नॉर्मल होतं."

"मंग तुमी तरी काय करनार," तो म्हणाला आणि त्याने हात जोडले. मी नमस्कार घेतला.