गुनवॉरच्या अंगणातली बोअर

उत्तर स्वीडनमधल्या आमच्या गावात गुनवॉर एकोणऐंशीव्या वर्षीही लाकडं फोडून घर गरम ठेवायची. खांदा मोडला तेव्हा मुलगी शेर्स्टिन म्हणाली, "आई, आता वृद्धाश्रमात चल."

"मी हलायची नाही," म्हणत गुनवॉरनं बोअरवाल्या हॉकनला बोलावलं. त्यानं अंगणातल्या खडकात दोनशे मीटर बोअर मारली, पाण्यासाठी नव्हे, घर गरम करायला.

"खाली आग आहे का रे?"

"नाही मावशी. खडक तिथं गोठत नाही, एवढंच. तेवढी ऊब विजेवरचा पंप गोळा करतो, वाढवतो आणि घरभर देतो."

"एवढंच? मग मेलेच मी!"

जानेवारीत पारा उणे तिसावर गेला. शेर्स्टिन घाबरून धावत आली. गुनवॉर अनवाणी पायांनी, वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होती.

"दार लाव गं," ती म्हणाली, "आणि कोट काढ, घामाघूम होशील."