नाकावरचं वजन

निमोणे गावचा सम्राट अवजड मालाचा ट्रेलर ओढणारा ट्रक चालवायचा. बॉयलर, पुलांचे गर्डर, असला माल. मालानं त्याला कधी घाम फोडला नाही, मालकानं मात्र फोडला.

मालक म्हणजे कासुर्डीचे आण्णा. घरची शेवंतीची शेती, पण जीव सगळा त्या ट्रकमध्ये. सणासुदीला लोक घरात काहीतरी नवं आणतात, आण्णा ट्रकला आणायचे. आणि जे आणतील ते पुढंच लावायचे, कारण लोकांना गाडीचं तोंड दिसतं. आधी हॉर्नांची रांग आली. मग हत्यारांची लोखंडी पेटी. मग पाण्याची टाकी, तीही बंपरला चिकटून. आणि गेल्या दिवाळीला जाड पाइपांचा, छातीइतका उंच गार्ड. तो चढवायला हायड्रा क्रेन बोलवावी लागली. क्रेननं उचललेलं धूड पुढच्या चाकांच्याही पुढं लटकवलं आणि आण्णांनी मागं सरकून विचारलं, कसं दिसतंय. सम्राट वाकून पुढचे टायर बघत होता.

डॅशबोर्डवर एका बाजूला आण्णांचा खंडोबा होता, दुसऱ्या बाजूला सम्राटनं ठेवलेली बुद्धाची छोटी मूर्ती. तेवढ्या वजनाबद्दल त्याची तक्रार नव्हती.

तक्रार साधी होती. ट्रेलरवरच्या मालाचा काही भार पुढच्या एक्सलवर येतोच. त्यात चाकांच्या पुढं काही टांगलं, की ते स्वतःच्या वजनाहून जास्त दाबतं. वळणावर स्टिअरिंग दगड व्हायचं. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं. पुढचे टायर कडेनं सोलून निघायचे. घरी गेल्यावर त्याचा उजवा खांदा इतका धरायचा, की करुणा, त्याची बायको, रोज विचारायची, मालकाला सांगता का न्हाई.

सांगून त्याचं तोंड दुखलं होतं. आण्णा ऐकून घ्यायचे आणि गाडी गॅरेजला नेऊन पुढच्या स्प्रिंगमध्ये आणखी एक पाटा घालायचे. पाटा वाढला की नाक वर यायचं. आण्णांच्या लेखी दुखणं बरं झालं. खरं तर भार होता तिथंच होता, फक्त दिसेनासा झाला होता.

"एवढा मोठा बॉयलर ओढतीय गाडी," आण्णा म्हणायचे, "तिला ह्या गार्डाचं काय?"

"ओढत्यात मागची चाकं, आण्णा. सोसत्यात पुढची."

यावर आण्णा चहा मागवायचे. बोलणं तिथंच संपायचं.

एप्रिलात दौंडकडच्या एका साखर कारखान्यासाठी बॉयलरचा मोठा ड्रम न्यायचा होता. लादणाऱ्यांनी ड्रम ट्रेलरवर जरा पुढंच टेकवला. सम्राटनं तो मागं सरकवायला लावला, त्यात सकाळ गेली. उन्हानं डांबराला पाझर फुटलेला. शिरूर सोडलं तसं स्टिअरिंग जड होत गेलं. भीमेच्या पुलाच्या अलीकडं मुक्ताबाईची रसवंती आहे, तिथं रस्ता वळतो. गाडी अगदी सावकाश होती. वळण घेताना पुढचा डावा टायर फुटला.

स्टिअरिंग हातातून हिसकावल्यासारखं डावीकडं फिरलं. समोर रसवंतीचा मांडव होता आणि बाकावर माणसं होती. सम्राटनं दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले आणि दुखऱ्या खांद्यासकट अंगाचा सगळा भार उजवीकडं टाकला. गाडी फरफटत गेली आणि मांडवाच्या अलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाला गार्ड टेकवून थांबली. कुणाला काही झालं नाही. सम्राट खाली उतरला. मुक्ताबाईनं त्याला बाकावर बसवलं आणि रसाचा ग्लास हातात दिला.

तासाभरानं आण्णा आले. झाड पाहिलं, गार्ड पाहिला. गार्डाला ओरखडासुद्धा नव्हता.

"बघ," ते म्हणाले, "गार्ड होता म्हणून गाडी वाचली."

सम्राटला वाटलं, हसावं का रडावं. तोवर बोलावलेल्या टायरवाल्यानं उजव्या टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून सांगितलं, की हाही फुगलाय, पुलावर फुटला असता. पुलावर, म्हणजे खाली नदी. आण्णांनी पुलाकडं पाहिलं, पण गार्डावर ठेवलेला हात काही काढला नाही.

सम्राट बाकावरून उठला. आवाज चढवला नाही.

"आण्णा, दोन टायर नवे घाला, मला मान्य हाय. पण हा गार्ड आन् ती टाकी उतरल्याबिगर मी स्टिअरिंगला हात लावणार न्हाई. दुसरा ड्रायव्हर बोलवा."

मागं वाहनं अडकली होती, कारखान्याचे फोन येत होते. आण्णांनी दोन ड्रायव्हरांना फोन लावून पाहिले. दोघांनाही ती गाडी माहीत होती. शेवटी जवळच्या गावातून बन्सी वेल्डर गॅसकटर घेऊन आला. कापाकापी चालू असताना आण्णा पाठ करून बसले होते. मुक्ताबाईनं त्यांनाही रस दिला, तो त्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला. टाकी केबिनच्या मागं, मधोमध बसली. संध्याकाळी नव्या टायरांवर गाडी वळली, तेव्हा सम्राटला एका हातानंसुद्धा वळवता आली असती. त्यानं दोन्ही हात ठेवले.

आण्णांनी चूक कबूल केली नाही. पुढं महिनाभर ते भेटेल त्याला सांगत राहिले, की ह्या सम्राटनं माझी गाडी नकटी केली. सम्राटच्या कानावर ते निमोण्यातही आलं. त्यानं ऐकून सोडून दिलं.

मग एक दिवस फोन आला. आण्णांना गाडीसाठी काहीतरी पसंत पडलं होतं. काय ते सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मागं बसवू का?"

सम्राटनं डोळे मिटले. "आण्णा," तो म्हणाला, "आधी वजन सांगा."