बाबांची झोपमोड करू नका!

तुमच्या घरात घोरणारं माणूस मधेच गप्प होतं, तेव्हा तुम्ही ‘सुटलो’ म्हणत कूस बदलता, की उठून त्याचा श्वास चालू आहे का ते बघता?

आमच्या घरी माझे बाबा रोज दुपारी कितीतरी वेळा मरायचे, आणि आम्ही त्याला गाढ झोप म्हणायचो.

आम्ही शहाडला राहतो. बाबा कारखान्यात होते तेव्हा युनियनची पत्रकं तेच लिहायचे. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी शाळेची व्हॅन घेतली, पण पत्रकांची सवय काही सुटली नाही. मी अक्षरं जुळवायला शिकले तीच ‘कामगार बंधू-भगिनींनो’वरून. आमच्याकडे कुणी कुणाशी भांडत नाही. फ्रिजवर पत्रक लावतो. ‘वांग्याची सक्ती बंद करा!’ (हे माझं, तिसरीतलं.) ‘वांगं राहणार. मान्य नसेल त्यांनी स्वतः स्वयंपाक करावा.’ (हे आईचं. चळवळ तिथेच मोडली.)

तर बाबांचं घोरणं. जुना टेम्पो माल भरून घाट चढतोय असं वाटायचं. खालच्या मजल्यावर म्हात्रेकाकूंच्या मांडणीतले पेले वाजायचे! आवाज चढत चढत जायचा आणि एकदम बंद. शांतता. मग बऱ्याच वेळाने घशात काहीतरी फुटल्यासारखा ‘घर्रर्रख्’ असा आवाज, आणि टेम्पो पुन्हा चालू. त्या मधल्या शांततेत आई हळूच म्हणायची, “आत्ता कुठे डोळा लागला बघ बिचाऱ्यांचा.”

आणि एवढं झोपून बाबा उठायचे ते डबल ड्यूटी करून आल्यासारखे. डोकं दुखतंय, बीपीची गोळी वाढतेय, चिडचिड तर विचारूच नका. चहाचा कप हातात असताना डुलकी लागायची. डोंबिवलीला आत्याच्या नातीचं बारसं होतं, तिथे ते पाळण्याशेजारी बसल्या बसल्या झोपले. बाळ टक्क जागं, आणि बाबा घोरतायत! बायकांनी पाळणा म्हटला तो नक्की कुणासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता माझ्यासारख्या मुलीला यात आजार दिसणार कसा? मला शोषण दिसलं. थकलेला श्रमिक, आणि त्याला धड झोपू न देणारा निर्दय समाज! मी लिफ्टशेजारी पत्रक चिकटवलं: ‘बाबांची झोपमोड करू नका! कष्टकऱ्याची विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. दुपारी दोन ते चार संपूर्ण शांतता पाळा!’

आमच्या सोसायटीत कुणी कुणाचं ऐकत नाही. पण पाण्याच्या टाकीवरून मी काढलेली पत्रकं लोक विसरले नव्हते. घाबरून सगळ्यांनी ऐकलं. मिक्सर बंद, कुकर बंद, भंगारवाला गेटवरच परत. आणि आंदोलनावर देखरेख हवी म्हणून मी बाबांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले.

तिथेच घात झाला. बिल्डिंग इतकी शांत झाली की बाबांचं थांबणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

टेम्पो घाट चढला. थांबला. मी गंमत म्हणून त्यांच्याबरोबर श्वास रोखून धरला. माझा सुटला. त्यांचा नाही.

मी आत डोकावले. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, पण हवा कुठे जात नव्हती. ओठ काळपट पडलेले. अशा वेळी काय करतात? मी तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं आणि जीव तोडून किंचाळले. (संपूर्ण शांततेच्या वेळात. स्वतःच्याच पत्रकाखाली.)

“काय झालं?” बाबा ताडकन उठून बसले.

“तुम्ही… तुम्ही मेला होतात!”

“मग भिजवलंस कशाला?”

म्हात्रेकाकू पोळपाट हातात घेऊनच वर धावत आल्या. “काय झाला गो? बापूस बरा हाय ना?”

“काही नाही हो,” बाबा मिशा पुसत म्हणाले, “मुक्ताने माझी झोपमोड केली.”

मला मात्र त्या दिवशी त्यांना एकटं सोडवेना. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी मी हट्टाने व्हॅनमध्ये पुढे बसले. कल्याणला मुलं चढली, दंगा सुरू झाला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि मागून सगळी एकसुरात ओरडली, “काकाऽऽ हिरवाऽऽ!” बाबांनी दचकून गियर टाकला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. मी म्हटलं, किती लळा आहे मुलांना!

तेवढ्यात दोन वेण्यांची स्वरा माझ्या कानाशी आली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, “ताई, तू नवीन आहेस ना, म्हणून सांगते. सिग्नलला आपण सगळ्यांनी ओरडायचं. नाहीतर काका झोपतात.”

“आणि पुलावर?” मी विचारलं.

“पुलावर गाणी म्हणायची. मोठ्याने. आमचा नंबर ठरलेला असतो. आज माझा आहे.”

समोर शहाडचा पूल चढायला लागला होता. स्वराने गाणं सुरू केलं. मी बाबांकडे बघितलं. पापण्या जड होऊन खाली येत होत्या. मग मीही गायला लागले. इतक्या भीतीने आणि इतक्या बेसूर मी आयुष्यात गायले नसेन. मुलांनी कानांवर हात ठेवले, पण बाबा पूल उतरेपर्यंत टक्क जागे राहिले!

शेवटचं मूल आंबिवलीला उतरलं, तसं मी म्हटलं, “बाबा, उद्यापासून गाडी बंद. आधी डॉक्टर.”

“इतकी वर्षं चालवतोय. एका पोराला खरचटलं नाही.”

“कारण पोरं जागी असतात!”

“हे बघ, माणूस आहे, दमतो. घोरण्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं?”

घरी येऊन मी परंपरेला जागले. फ्रिजवर पत्रक लावलं: ‘पालकहो, सावधान! तुमच्या मुलांच्या व्हॅनचा चालक झोपेत आहे!’ खाली लिहिलं, ‘उद्या सकाळी याच्या प्रती वाटण्यात येतील.’ बाबांना मुलं म्हणजे जीव की प्राण, आणि मी त्यांना त्याच मुलांच्या दारात गुन्हेगार म्हणून उभं करणार होते. बाबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

“पहिलं वाक्य ढिलं आहे,” ते म्हणाले.

“मग हे ऐका. ‘पेंगणाऱ्या माणसाला मशीनवर उभं करणारा मालक नुसती अपघाताची वाट बघत असतो.’”

“वा! कुणी लिहिलंय?”

“तुम्ही. कारखान्यात. मला पाठ आहे.”

बाबा हसले. मग हसता हसता थांबले. “इथे मालक कोण?”

“व्हॅन तुमची आहे, बाबा.”

त्यांनी पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. “पत्रक काढ तिथून. पालकांना मी स्वतः सांगतो.” आणि खरंच, घरोघर फोन करून सांगितलं. कारखान्यातले त्यांचे एक जुने दोस्त व्हॅन चालवायला तयार झाले. स्वरा मात्र नाराज होती. नवीन काका पुलावर गाऊ देत नाहीत.

ठाण्यात झोपेच्या आजारांचे डॉक्टर शोधले. बाबांची झोपेत तपासणी झाली, छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “तुमचे वडील झोपतच नाहीयेत. ते गुदमरतायत. झोपेत घसा मिटतो, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून त्यांना जागं करतो. मग पुन्हा तेच. त्यांना यातलं काही आठवत नाही. बीपी, डोकेदुखी, दिवसाची पेंग, हृदयावरचा ताण, सगळं याच्याशी जोडलेलं आहे.”

आई हळूच म्हणाली, “आणि मी म्हणायचे, आत्ता कुठे डोळा लागला.”

उपाय म्हणून एक यंत्र मिळालं. त्याला नळी, नळीला मास्क. तो नाकावर बांधून झोपायचं, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. पहिल्या दुपारी बाबा मास्क लावून झोपले. घोरणं नाही, घाट नाही, टेम्पो नाही. मी शेजारी बसून प्रत्येक श्वास ऐकला. येत होता, जात होता, येत होता. ऐकता ऐकता मलाच झोप लागली.

आणि गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी आमच्या खिडकीत बघितलं: पलंगावर उताणे बाबा, तोंडाला मास्क, नळ्या, शेजारी मान टाकून बसलेली मुलगी! सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज गेला, ‘व्हॅनवाले काका व्हेंटिलेटरवर.’ तिथून शाळेच्या ग्रुपवर. तिथून, देव जाणे कसा, डोंबिवलीला.

चारच्या सुमाराला बाबा उठले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ताजेतवाने. आळस देत त्यांनी दार उघडलं, आणि समोर जिन्यापर्यंत गर्दी! म्हात्रेकाकू, पालक, शहाळी घेतलेली माणसं, पदराने डोळे पुसणारी आत्या. आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बेल वाजवायचीही कुणाची छाती नव्हती. का? तर लिफ्टशेजारी माझं पत्रक होतं ना! दोन ते चार, संपूर्ण शांतता!

बाबांनी सगळ्यांकडे बघितलं. दबक्या आवाजात आत्याला विचारलं, “कोण गेलं गं?”

आत्या मटकन खाली बसली.

आता बाबा रोज मास्क लावून झोपतात. डोकं दुखत नाही, बीपी उतरलंय. डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिल्यावर ते व्हॅनवरही परतले. फक्त एक गोष्ट सुधारली नाही. माझी पत्रकं वाचताना पूर्वी त्यांना दुसऱ्या परिच्छेदात डुलकी लागायची. मी त्याचा दोष आजाराला दिला होता. आजार आटोक्यात आला, डुलकी अजून दुसऱ्याच परिच्छेदात लागते. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, यावर यंत्र नाही.

तुम्ही मात्र इथपर्यंत जागे राहिलाच आहात, तर माझं एक ऐका. आज तुमच्या घरातलं घोरणारं माणूस झोपलं की त्याच्याजवळ बसा. टीव्ही बंद करा आणि नुसतं ऐका. घोरणं मधेच तुटत असेल, गुदमरल्यासारखं पुन्हा सुरू होत असेल, तर गाडीची किल्ली काढून घ्या आणि त्याला डॉक्टरकडे न्या. ते चिडेल, ‘झोपमोड केली’ म्हणेल. तरी खुशाल करा! परवानगी हवी असेल तर आमच्या लिफ्टशेजारचं पत्रक मी केव्हाच फाडून टाकलंय.